कार्यशाळेचा फलक आणि संग्राहकाचा प्रश्न : फ्लॉरेन्समधील प्रबोधनकालीन भक्तिचित्रांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात लाकडी फलकांवर रंगविलेली मेरी माता आणि बालयेशू यांची चित्रे मोठ्या संख्येने तयार झाली. घरात, विशेषतः शयनगृहात, प्रार्थनेसाठी लावण्याची ही भक्तिचित्रे होती. गेल्या दोनशे वर्षांत ती घराच्या भिंतीवरून व्यापाऱ्याच्या दुकानात, तेथून संग्राहकाच्या दिवाणखान्यात आणि अखेर संग्रहालयात जाऊन पोहोचली. आज अशा चित्राखालच्या पाटीवर किंवा लिलावाच्या सूचिपत्रात ‘अमुक चित्रकाराची कार्यशाळा’ असे शब्द पुष्कळदा आढळतात. सामान्य प्रेक्षक या शब्दांचा अर्थ ‘मूळ चित्रकाराचे नव्हे, म्हणून दुय्यम’ असा घेतो आणि बाजारही तोच अर्थ घेऊन किंमत ठरवितो.

या संदर्भात एक उदाहरण उद्बोधक ठरते. हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झालेले ज्युलिअस वर्नर यांनी इ.स. १८९७ मध्ये मेरी माता, बालयेशू आणि देवदूत यांचे एक वर्तुळाकार फलकचित्र विकत घेतले. मेरीच्या हाती डाळिंब असलेल्या या चित्राची रचना सान्द्रो बोत्तिचेल्ली (इ.स. १४४५–१५१०) याच्या फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातील सुप्रसिद्ध चित्राशी मिळतीजुळती आहे. तरीही वर्नर यांचे चित्र दीर्घकाळ कोणा उत्तरकालीन अनुकरणकाराचे मानले गेले. इ.स. २०१९ मध्ये ते बोत्तिचेल्लीच्या स्वतःच्या कार्यशाळेतील असल्याचे जाहीर झाले. फलक तोच राहिला, परंतु त्याची ओळख बदलली. अशा बदलांमागे कोणते प्रश्न असतात आणि ते प्रश्न मुळात कोणाचे असतात, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) फ्लॉरेन्समधील चित्रकाराच्या कार्यशाळेची रचना व कामाची विभागणी समजावून घेणे.
२) मूळ ग्राहक आणि आधुनिक संग्राहक यांच्या दृष्टीने फलकाचे मूल्य कशात होते, याची तुलना करणे.
३) कर्तृत्वनिश्चितीची पद्धत आणि कलाव्यापार यांचे परस्परसंबंध तपासणे.
४) इतिहासाचे साधन म्हणून कार्यशाळेतील फलकाचे महत्त्व स्पष्ट करणे.

१. कार्यशाळेची रचना

इटालियन भाषेत ‘बोत्तेगा’ या शब्दाचा अर्थ दुकान असा होतो आणि कारखाना असाही होतो. चित्रकाराची बोत्तेगा या दोन्ही अर्थांनी त्या नावास पात्र होती. रस्त्याकडेच्या जागेत गुरू, त्याचे सहायक आणि शिकाऊ मुले काम करीत आणि तेथेच ग्राहक येत. चित्रकाराचा व्यवसाय पुष्कळदा पिढीजात असे. लोरेन्झो दि बिच्ची, त्याचा मुलगा बिच्ची दि लोरेन्झो आणि नातू नेरी दि बिच्ची यांच्या तीन पिढ्यांनी फ्लॉरेन्समध्ये एकच कार्यशाळा चालविली, हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय.

नेरी दि बिच्ची याने १० मार्च १४५३ पासून २४ एप्रिल १४७५ पर्यंत आपल्या व्यवसायाची नोंदवही ठेवली. पंधराव्या शतकातील चित्रकाराच्या कार्यशाळेविषयी इतके विस्तृत दुसरे साधन उपलब्ध नाही. चर्चसाठी केलेली मोठी वेदीचित्रे, घरगुती देव्हाऱ्यासारख्या चौकटी, साच्यातून काढलेल्या मेरीच्या मूर्तींची रंगकामे, सुतारांशी झालेले व्यवहार, शिकाऊ मुलांचे येणेजाणे अशा नाना नोंदी तीत आहेत. पुढे स्वतंत्र चित्रकार म्हणून नावारूपास आलेले कोझिमो रोस्सेल्ली आणि फ्रान्चेस्को बोत्तिचिनी यांची नावे या कार्यशाळेतील सहायकांमध्ये आढळतात. लाकडी चौकटी घडविण्याचे काम जुलिआनो दा मायानो यांसारख्या कुशल काष्ठकाराकडे जाई. म्हणजे ज्याला आज ‘नेरी दि बिच्चीचे चित्र’ म्हटले जाते, त्याला मुळातच अनेकांचे हात लागलेले असत.

शिक्षणाचा काळही दीर्घ होता. चेन्निनो चेन्निनी याने इ.स. १४०० च्या सुमारास चित्रकलेच्या तंत्रावर लिहिलेल्या ग्रंथात शिकाऊ मुलासाठी एकंदर तेरा वर्षांचा क्रम सांगितला आहे. एक वर्ष लहान फलकावर रेखाटन, सहा वर्षे रंग घोटणे, सरस शिजविणे, फलकाला अस्तर देणे आणि सोन्याचा वर्ख लावणे, त्यानंतर आणखी सहा वर्षे रंगकाम असा तो क्रम आहे. गुरूच्या हाताशी आपला हात पूर्णपणे जुळविणे हे या शिक्षणाचे ध्येय होते. स्वतःची निराळी शैली दाखविणे हा सहायकाचा गुण नव्हता. गुरूच्या कामापासून आपले काम ओळखू येऊ नये, यातच त्याचे कसब होते.

जॉर्जो वझारी याने सोळाव्या शतकात लिहिलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथात बोत्तिचेल्लीच्या कार्यशाळेची एक आख्यायिका दिली आहे. ब्याजो नावाच्या शिष्याने गुरूच्या चित्राबरहुकूम एक वर्तुळाकार मेरीचित्र तयार केले आणि बोत्तिचेल्लीने स्वतः ते एका नागरिकास सहा सुवर्ण फ्लोरिनांना विकून दिले. पुढे गुरूने त्या चित्रातील देवदूतांच्या डोक्यांवर कागदी टोप्या चिकटवून शिष्याची थट्टा केली, असा कथेचा विनोदी शेवट आहे. आख्यायिकेतील तपशील जसाच्या तसा ग्राह्य मानता येणार नाही. तथापि शिष्याने केलेले चित्र गुरूच्या दुकानातून विकले जाणे यात वझारीला काहीही गैर वाटले नाही, ही बाब लक्षणीय आहे. कथेत हसू आहे ते टोप्यांचे. विक्रीबद्दल तक्रार कोठेही नाही.

२. फलकाची घडण आणि किमतीची विभागणी

मध्य इटलीत फलकासाठी मुख्यतः पॉप्लर वृक्षाचे लाकूड वापरीत. फळ्या जोडून, तासून त्यांवर सरसाचा हात दिला जाई. पुष्कळदा त्यावर जुन्या तागाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवीत. नंतर सरसात कालविलेल्या जिप्समचे प्रथम जाडसर आणि मग मऊ असे थरांमागून थर चढवून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करीत. जेथे सोने लावावयाचे तेथे तांबडी चिकणमाती लावून तीवर वर्ख बसवीत आणि घोटणीने घासून त्यास झळाळी आणीत. चेहऱ्याच्या त्वचेखाली हिरवट मातीचा थर देऊन त्यावर अंड्याच्या बलकात कालविलेले रंग बारीक रेषांनी चढवीत. शतकाच्या उत्तरार्धात तैलमाध्यमाचा वापर हळूहळू वाढला. चित्रकाराच्या कुंचल्याचा संबंध या दीर्घ प्रक्रियेच्या अखेरच्या भागाशी होता.

किमतीच्या नोंदींतूनही हेच दिसते. बोत्तिचेल्लीने इ.स. १४८५ मध्ये जोव्हान्नी दे बार्दी यांच्यासाठी फ्लॉरेन्समधील सान्तो स्पिरितो चर्चकरिता वेदीचित्र केले. ते आज बर्लिन येथे आहे. त्याबद्दल चित्रकारास ७५ फ्लोरिन मिळाले. त्यांपैकी २ फ्लोरिन निळ्या रंगासाठी, ३८ सोने व फलकाच्या तयारीसाठी आणि ३५ ‘त्याच्या कुंचल्यासाठी’ असा हिशेब नोंदविलेला आहे. बोत्तिचेल्लीसारख्या ख्यातकीर्त चित्रकाराच्या बाबतीतही कुंचल्याचा वाटा निम्म्याहून कमी भरतो.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. गुरूच्या हाताला त्या काळी काहीच महत्त्व नव्हते असे म्हणता येईल काय? करारपत्रे तसे म्हणू देत नाहीत. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याच्याशी इ.स. १४४५ मध्ये झालेल्या १५० फ्लोरिनांच्या करारात पिएरोखेरीज अन्य कोणी चित्रकाराने कुंचला धरू नये, अशी अट आहे. दोमेनिको गिरलांदायो याने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी करावयाच्या वेदीचित्राच्या इ.स. १४८५ च्या करारातही सर्व काम त्याने स्वहस्ते करावे, असे म्हटले आहे. त्याच करारात निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचा असावा, अशीही अट आहे. अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून होणारा हा रंग अत्यंत महाग होता. एकाच कागदावर रंगाचा दर्जा आणि हाताचा दर्जा यांच्या अटी शेजारी शेजारी येतात. शिवाय ‘स्वहस्ते’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ बराच लवचीक होता. अनाथालयाच्या याच वेदीचित्राखालच्या पट्टीवरील लहान चित्रे इ.स. १४८८ मध्ये बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी या दुसऱ्या चित्रकाराने रंगविली. पिएरोच्या वेदीचित्राच्या तळपट्टीवरील चित्रेही दुसऱ्या हाताची मानली जातात. तात्पर्य, मोठ्या आणि सार्वजनिक चित्राच्या ग्राहकास गुरूच्या कौशल्याची हमी हवी होती. घरगुती फलकाच्या ग्राहकाची गरज याहून निराळी होती.

३. घरातील चित्र आणि त्याचा ग्राहक

जोव्हान्नी दोमिनिची या धर्मोपदेशकाने पंधराव्या शतकाच्या आरंभी बार्तोलोमेआ देल्यी अल्बेर्ती या गृहिणीसाठी कुटुंबव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. लहान मुलांच्या दृष्टीस पडतील अशी बालसंतांची आणि मातेच्या कुशीतील येशूची चित्रे घरात असावीत, असा उपदेश त्याने त्यात केला आहे. बालकाने चित्रातील बालकात स्वतःला पाहावे आणि त्याचे अनुकरण करावे, ही त्यामागील दृष्टी होती. चित्र हे संस्काराचे साधन होते. बालयेशूच्या हातातील पाकोळी पुनरुत्थानाची, तर डाळिंबाचे लाल दाणे त्याच्या भावी यातनांची आणि पुनरुत्थानाची खूण म्हणून ओळखले जात. घरातील माणसांना या खुणा वाचता येत असत.

फ्लॉरेन्समधील कुटुंबांच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये शयनगृहातील मेरीचित्राचा उल्लेख वारंवार येतो. ते लहान की मोठे, सोनेरी चौकटीचे की साधे, अशी वर्णने त्यांत असतात. चित्रकाराचे नाव मात्र बहुधा नसते. लोरेन्झो दे मेदिची याच्या निधनानंतर इ.स. १४९२ मध्ये झालेल्या यादीत काही चित्रकारांची नावे आहेत, परंतु मेदिची हे घराणे संग्राहकांचे होते. सामान्य व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या किंवा कारागिराच्या घरी चित्र देवाचे असे आणि तेवढे पुरेसे होते.

४. खाके, प्रती आणि एक नसलेला चित्रकार

अशा ग्राहकांची मागणी पुरविण्यासाठी कार्यशाळांनी खाक्यांचा उपयोग केला. पूर्ण आकाराच्या कागदावर आकृती रेखाटून रेषांवर टोचे मारीत आणि त्या छिद्रांतून कोळशाची पूड पाडून आकृती फलकावर उतरवीत. महाराष्ट्रातील छिद्रांकित रांगोळीपत्राचे तत्त्व हेच आहे. एका खाक्यातून अनेक चित्रे निघत. पार्श्वभूमी, देवदूत किंवा संत यांत फेरबदल करून प्रत्येक ग्राहकास थोडे वेगळे चित्र देता येई.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण फिलिप्पो लिप्पी (निधन इ.स. १४६९) आणि फ्रान्चेस्को पेसेल्लिनो (इ.स. १४२२–१४५७) यांच्या रचनांवर आधारलेल्या फलकांचे आहे. या दोघांच्या आकृत्या घेऊन, त्यांमागे सोनेरी पार्श्वभूमी किंवा गुलाबांचे कुंपण रंगवून एका कार्यशाळेने बरीच मेरीचित्रे तयार केली. पेसेल्लिनोने रंगविलेले पाकोळीसह मेरी व बालयेशू यांचे चित्र आज बॉस्टन येथील इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयात आहे. त्याच रचनेच्या कार्यशाळेतील आवृत्ती अन्य संग्रहांत आढळतात. लिप्पीने मेदिची प्रासादातील खाजगी प्रार्थनागृहासाठी केलेले मूळ वेदीचित्र बर्लिनला गेले आहे आणि प्रार्थनागृहात आज त्याची पंधराव्या शतकातीलच प्रत लावलेली आहे. ती प्रतही याच समूहातील मानली जाते.

या समूहास बर्नर्ड बेरेन्सन यांनी दिलेले नाव विचार करण्यासारखे आहे. पिएर फ्रान्चेस्को फियोरेन्तिनो नावाचा एक धर्मगुरू चित्रकार खरोखर होऊन गेला. हे फलक त्याचे नाहीत असे दिसून आल्यावर त्यांच्या कर्त्यास ‘छद्म पिएर फ्रान्चेस्को फियोरेन्तिनो’ असे संबोधण्यात आले. पुढे फेदेरिको झेरी यांनी ‘लिप्पी व पेसेल्लिनो यांचे अनुकरणकार’ असे अनेकवचनी नाव सुचविले. पहिल्या नावात एक व्यक्ती गृहीत धरलेली आहे, दुसऱ्यात एक उद्योग. अनेक हातांनी केलेल्या कामाला एक मालक शोधून द्यावा लागणे, ही गरज पंधराव्या शतकातील ग्राहकाची नव्हती. विसाव्या शतकातील सूचिकाराची आणि त्याच्या सूचीवर विसंबणाऱ्या संग्राहकाची ती गरज होती.

५. फलकांचे स्थलांतर

भक्तिचित्रे संग्राहकांपर्यंत पोहोचण्यामागे राजकीय कारणेही होती. नेपोलियनच्या अमलात आणि पुढे इ.स. १८६६ च्या इटालियन कायद्यानुसार धर्मसंघ बरखास्त झाले. त्यांच्या मठांतील व चर्चमधील असंख्य वस्तू बाहेर पडल्या. जुनी घराणी खालावली, तसे त्यांच्या घरांतील फलकही बाजारात आले. मोठी वेदीचित्रे सुटी करून विकण्याची पद्धत तर त्याआधीपासूनच होती. दुच्चो याने सिएना येथील कॅथेड्रलसाठी इ.स. १३०८ ते १३११ या काळात केलेले भव्य वेदीचित्र इ.स. १७७१ मध्ये कापून वेगळे करण्यात आले. त्यातील लहान फलक आज लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि फोर्ट वर्थ येथील संग्रहालयांत विखुरलेले आहेत.

आरंभी या ‘आदिम’ चित्रांना ग्राहक मिळणे कठीण होते. जेम्स जॅक्सन जार्व्हिस या फ्लॉरेन्सनिवासी अमेरिकन संग्राहकाने शंभराहून अधिक जुनी इटालियन चित्रे जमविली आणि इ.स. १८६० मध्ये न्यूयॉर्क येथे ती प्रदर्शित केली, परंतु त्यांस अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. इ.स. १८६८ मध्ये त्यांनी येल महाविद्यालयाकडून संग्रहाच्या तारणावर २०,००० डॉलरचे कर्ज घेतले. कर्ज फिटले नाही. इ.स. १८७१ च्या लिलावात येलखेरीज कोणीही बोली लावली नाही आणि ११९ चित्रे २२,००० डॉलरमध्ये महाविद्यालयाच्या मालकीची झाली. एका शैक्षणिक संस्थेकडे अनपेक्षितपणे आलेला हा संग्रह पुढे अमेरिकेतील कलाशिक्षणाचा मोलाचा ठेवा ठरला.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत चित्र पालटले. अमेरिकन आणि ब्रिटिश धनिकांमध्ये इटालियन फलकांसाठी स्पर्धा सुरू झाली. निर्गमनावर नियंत्रण आणण्यासाठी इटलीने इ.स. १९०९ मध्ये पुरातन वस्तूंविषयी कायदा केला. मागणी वाढली, पुरवठा आटला आणि ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला पैशाच्या भाषेत उत्तर मिळू लागले.

६. जाणकारांची पद्धत आणि तिचा बाजाराशी संबंध

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोव्हान्नी मोरेल्ली (इ.स. १८१६–१८९१) यांनी केला. त्यांचे मूळ शिक्षण वैद्यकाचे होते. चित्रकार जेथे फारसे लक्ष देत नाही अशा कान, नखे, बोटे यांसारख्या तपशिलांत त्याच्या हाताची सवय प्रकट होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या पद्धतीने अनेक जुन्या चुकीच्या नोंदी दुरुस्त झाल्या, हे तिचे योगदान नाकारता येणार नाही. परंतु कार्यशाळेच्या बाबतीत ती एका मूलभूत अडचणीत सापडते. गुरूच्या कानांची व नखांची घडण हुबेहूब उचलणे हेच जर शिष्याचे शिक्षण असेल, तर तीच खूण गुरूची म्हणून कशी ओळखावयाची?

मोरेल्लींचे अनुयायी बेरेन्सन (इ.स. १८६५–१९५९) यांनाही हा अनुभव आला. इ.स. १८९९ मध्ये त्यांनी काही चित्रे शैलीच्या आधारे एकत्र करून त्यांचा कर्ता म्हणून ‘सान्द्रोचा मित्र’ या अर्थाच्या नावाचा एक चित्रकार कल्पिला. त्याची कारकीर्दही त्यांनी मांडली. कालांतराने त्यांनी स्वतःच ही कल्पना सोडून दिली आणि ती चित्रे फिलिप्पिनो लिप्पी आदी चित्रकारांमध्ये वाटली गेली. आपली चूक मान्य करण्याचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. त्याचबरोबर एकाच कार्यशाळेत वाढलेल्या हातांना वेगळे करणे किती अवघड असते, तेही दिसते.

अधिक गंभीर प्रश्न हितसंबंधांचा आहे. इ.स. १९१२ मध्ये बेरेन्सन यांनी जोसेफ ड्यूव्हीन या प्रख्यात कलाव्यापाऱ्याशी गुप्त करार केला. त्यानुसार इटालियन चित्रांच्या विक्रीतील नफ्याचा २५ टक्के वाटा त्यांना मिळणार होता. ज्याच्या शब्दावर किंमत ठरते, त्यालाच किमतीत वाटा मिळत होता. इ.स. १९३७ च्या सुमारास हे संबंध संपुष्टात आले. त्या वेळी वादाचा विषय ठरलेल्या मेंढपाळांच्या पूजनाच्या भक्तिचित्राचा कर्ता ड्यूव्हीन यांना जॉर्जोने हवा होता आणि बेरेन्सन त्याचे श्रेय तिशियनला देत होते. म्हणजे व्यापाऱ्याच्या इच्छेप्रमाणे ते नेहमीच बोलत, असेही म्हणता येत नाही. ते चित्र सॅम्युअल क्रेस यांनी विकत घेतले आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात ते जॉर्जोनेच्या नावाने आहे. या विवेचनाचा हेतू कोणा एका विद्वानावर ठपका ठेवण्याचा नाही. बेरेन्सन यांच्या सूची आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात. त्या सूची ज्या परिस्थितीत घडल्या, ती परिस्थितीही साधनचिकित्सेचा भाग झाली पाहिजे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

मागणीने बनावट चित्रांनाही जन्म दिला. सिएनाचे इचिलिओ फेदेरिको योनी (इ.स. १८६६–१९४६) यांनी जुन्या पद्धतीचे फलक इतक्या कौशल्याने केले की ते अस्सल म्हणून विकले गेले. इ.स. १९३२ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहून आपला व्यवसाय उघडपणे सांगितला. इ.स. १९३० मध्ये लॉर्ड ली यांनी बोत्तिचेल्लीचे म्हणून २५,००० डॉलरला घेतलेले एक मेरीचित्र आज लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत आहे. त्यातील मेरीचा चेहरा मूकपटातील नायिकेसारखा दिसतो, अशी शंका केनेथ क्लार्क यांनी व्यक्त केली होती. पुढे तपासणीत अठराव्या शतकापूर्वी अस्तित्वात नसलेला प्रशियन निळा रंग त्यात सापडला. किडीची छिद्रेही यंत्राने पाडलेली होती. हे चित्र सिएनाचेच उंबेर्तो जुंती यांचे मानले जाते. ज्या युगास जसा बोत्तिचेल्ली हवा होता, तसाच त्यास मिळाला, असे या प्रकरणावरून म्हणता येईल.

७. फलकाची साक्ष

वर्नर यांच्या चित्राचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. ग्रिनिच येथील रेंजर्स हाउसमध्ये असलेल्या या चित्रावर शतकाहून अधिक काळाचे पिवळे पडलेले वार्निश व मळ साचला होता. तो काढल्यावर आणि क्ष-किरण व अवरक्त किरणांनी तपासणी केल्यावर रंगाखालील रेखाटन दिसले. त्यात रचनेत केलेले बदल आढळले. केवळ नक्कल करणारा सहसा असे बदल करीत नाही. फलक त्या काळी प्रचलित असलेल्या पॉप्लरच्या लाकडाचा होता आणि तंत्रही काळाशी सुसंगत होते. ‘कार्यशाळा’ हा शब्द येथे चित्राला खाली आणणारा ठरला नाही. अनुकरणाच्या शंकेतून त्याने चित्राला वर काढले.

दुसरे उदाहरण बाजाराचे आहे. काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे एक भक्तिचित्र इ.स. १९६३ मध्ये १०,००० पौंडांना विकले गेले होते आणि रोनाल्ड लाइटबाउन यांनी इ.स. १९७८ च्या आपल्या ग्रंथात ते कार्यशाळेच्या कामांत गणले होते. इ.स. २००९ मध्ये फ्रँकफर्ट येथील प्रदर्शनात ते बोत्तिचेल्लीचे स्वतःचे म्हणून मांडले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास ४५.४ दशलक्ष डॉलर मिळाले. विक्रीपूर्वीच्या अवरक्त तपासणीत त्याच फलकावर उलट्या दिशेने आरंभलेले मेरी व बालयेशूचे रेखाटन आढळले. सोडून दिलेल्या घरगुती चित्राचा फलक उलटा करून दुसऱ्या कामासाठी वापरण्यात आला होता. किमतीच्या बातम्यांत ही गोष्ट एक गंमत म्हणून आली. कार्यशाळेत फलकाचा वापर कसा होई, हे सांगणारा हा इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा आहे.

दुर्दैवाने असा पुरावा संग्राहकांच्या काळातच पुष्कळ नष्ट झाला. फलक वाकू नयेत म्हणून त्यांची मागील बाजू तासून पातळ केली गेली आणि तीवर लाकडी जाळी ठोकली गेली. काही चित्रे लाकडावरून सोलून कापडावर चढविण्यात आली. मूळ चौकटी टाकून नव्या घालण्यात आल्या. मागील बाजूवरच्या खुणा, बिजागऱ्यांच्या खाचा, मेणबत्तीच्या ज्योतीचे डाग यांत फलकाच्या वापराचा इतिहास होता. समोरच्या रंगात गुरूचा हात शोधणाऱ्यांना त्याची गरज भासली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये कार्यशाळा ही चित्रनिर्मितीची नियमित व्यवस्था होती. कार्यशाळेचे चित्र हा तिचा अपवाद किंवा दोष नव्हता.

२) मोठ्या वेदीचित्रांच्या ग्राहकांना गुरूच्या हाताची हमी महत्त्वाची वाटत असे. घरगुती भक्तिचित्रांचे मूल्य मात्र प्रामुख्याने प्रतिमा, साहित्य आणि प्रार्थनेतील उपयोग यांवर आधारलेले होते.

३) ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आज जितका केंद्रस्थानी आहे, तितका तो एकोणिसाव्या शतकातील संग्रह व व्यापारामुळे झाला. या प्रश्नाच्या उत्तरांतून तयार झालेल्या सूचींचा वापर करताना त्यांमागील हितसंबंधांची चिकित्सा आवश्यक आहे.

४) तांत्रिक तपासणीमुळे कर्तृत्वनिश्चितीस बळकटी येते. तिचा अधिक मोठा लाभ कामाची पद्धत, फेरबदल आणि पुनर्वापर समजण्यात आहे.

भारतीय अभ्यासकास येथे अकबरकालीन चित्रशाळेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथील हस्तलिखितांच्या समासात आराखडा कोणी केला आणि रंगकाम कोणी केले, यांच्या स्वतंत्र नोंदी आढळतात. लंडन येथील ‘अकबरनामा’च्या प्रतीत अशी जोडनावे वाचता येतात. फ्लॉरेन्सच्या फलकांवर ती सोय नाही. तेथील सहायकांची नावे नेरीच्या नोंदवहीसारख्या एखाद्या कागदात राहिली आणि चित्रावर राहिले ते फक्त त्यांचे काम.

वर्नर यांच्याच पिढीच्या आसपास सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांनी जमविलेली युरोपीय चित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अशा दालनात नेताना चित्राखालच्या पाटीवरील ‘कार्यशाळा’, ‘अनुयायी’, ‘वर्तुळ’ हे शब्द कसे वाचावेत, हे शिकविण्याजोगे आहे. या शब्दांत किमतीची पायरी सांगितलेली असते, तशीच श्रमाची एक व्यवस्थाही सूचित झालेली असते. वर्नर यांच्या डाळिंबधारी मेरीसाठी ज्या हातांनी सरस शिजविला, अस्तर घासले आणि वर्ख घोटला, त्यांची नावे कोणत्याही सूचीत नाहीत. ‘कार्यशाळा’ या एका शब्दात ते सारे हात आहेत. तो शब्द कमीपणाचा मानून सोडून दिल्यास त्यांचा उरलेला एकमेव उल्लेखही इतिहासातून जातो.